जबलपूरच्या उन्हाळ्यात सागरी मत्स्यपेटी : पंख्याचा वारा आणि पाण्याचे गणित

मध्य प्रदेशातील जबलपूर शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर वसलेले आहे. मे महिन्यात येथील कमाल तापमान सरासरीनेच ४० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. अशा शहरातील घरात खाऱ्या पाण्याची छोटी मत्स्यपेटी ठेवणे आणि तिचे पाणी २६ अंशांच्या आसपास राखणे अशक्यप्राय वाटते. प्रत्यक्षात भर उन्हाळ्यात हे काम संगणकात वापरला जाणारा हातभर वायरीचा छोटा पंखा बऱ्यापैकी पार पाडू शकतो. समुद्रकाठच्या मुंबईत मात्र तोच पंखा बराच कमी पडतो. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, जबलपूरमध्ये पाऊस सुरू होऊन माणसांना हायसे वाटू लागते, नेमक्या त्याच वेळी हा पंखा निष्प्रभ होतो आणि पेटीतील जिवांवर संकट येते.

हे असे का होते, पंख्याची मर्यादा कोठे आहे आणि त्याच्या वापराने पाण्यात कोणते बदल घडतात, याचा हा आढावा.

छोट्या पेटीची मोठी अडचण

समुद्राच्या पाण्याचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. पाण्याचा साठा प्रचंड असल्याने उन्हाची उष्णता त्यात सामावून जाते. काचेच्या पेटीत ही सोय नसते. खाऱ्या पाण्याची १०० लिटरची पेटी १ अंशाने तापण्यासाठी सुमारे ४१० किलोज्यूल उष्णता पुरते. पंप, दिवे आणि खोलीतील हवा यांच्याकडून मिळणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा ५० वॅटने जास्त असेल, तर हे पाणी तासाला सुमारे ०.४ अंशाने तापते. पेटी ४० लिटरची असेल, तर हाच वेग तासाला १ अंशाहून अधिक होतो. सकाळी २६ अंशांवर असलेले पाणी दुपारपर्यंत ३१ अंशांवर पोहोचण्यास त्यामुळे वेळ लागत नाही.

पेटीतील उपकरणेच या उष्णतेचा मोठा भाग पुरवतात. पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज घेतो, तिचे जवळजवळ सर्व रूपांतर अखेरीस उष्णतेत होते आणि ती पाण्यातच राहते. पूर्वी प्रवाळाच्या पेट्यांवर १५० ते २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावले जात. त्यांची जागा आता एलईडी दिव्यांनी घेतल्यामुळे हा भार बराच हलका झाला आहे, तरी तो संपलेला नाही.

उष्ण कटिबंधातील प्रवाळ खडकांवरच्या माशांसाठी घरगुती पेटीत साधारणपणे २४ ते २७ अंश तापमान राखले जाते. लक्षद्वीपच्या समुद्रात यापेक्षा गरम पाण्यातही हे मासे राहतात. तेथे पाणी सतत खेळते असते आणि त्यात प्राणवायूची भर पडत असते. पेटीत प्रश्न केवळ उष्णतेचा नसतो. पाणी जसे तापते, तशी त्यात प्राणवायू विरघळण्याची क्षमता कमी होते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना हे प्रमाण ६.२ मिलिग्रॅमच्या जवळ येते. गोड्या पाण्यात याच तापमानांना अनुक्रमे ८.३ आणि ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. याचा अर्थ खाऱ्या पाण्यातील मासा मुळातच कमी प्राणवायूवर जगत असतो. त्यातच पाणी गरम झाले की त्याच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊ लागतात आणि प्राणवायूची गरज वाढते. एकीकडे पुरवठा घटतो आणि दुसरीकडे मागणी वाढते. शिवाय माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढतो. पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारे मासे हे या सर्वांचे दृश्य लक्षण होय.

माठाचे तत्त्व, वाळ्याचा पडदा आणि पंखा

पंख्याची हवा मुळात थंड नसते. बंद खोलीत ठेवलेल्या कोरड्या वस्तूवर कितीही वेळ पंखा फिरवला, तरी ती खोलीतील हवेपेक्षा थंड होत नाही. पाण्याची गोष्ट निराळी आहे, कारण त्याची वाफ होऊ शकते. द्रवरूप पाण्याची वाफ होताना फार मोठी उष्णता खर्ची पडते आणि ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. तापमापकावर थेट न दिसणाऱ्या या उष्णतेला शालेय पाठ्यपुस्तकांत 'अप्रकट उष्मा' म्हटले जाते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास, ही संकल्पना मांडली. त्याच काळात, १७५८ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे तापमापकाच्या फुग्यावर पुन्हा पुन्हा ईथर लावून ते उडवून दाखवले. खोलीत सुमारे १८ अंश तापमान असताना तापमापकाचा पारा उणे १४ अंशांपर्यंत उतरला होता.

भारतीय घरांना मात्र हे तत्त्व त्याआधीपासून व्यवहारातून माहीत होते. मातीच्या माठातून पाझरणारे पाणी बाहेरच्या बाजूस सुकते आणि आतील पाणी गार राहते. दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून येणारी झुळूक असो, की विदर्भ आणि महाकोशलातील घराघरांत एप्रिलपासून घरघरणारा कूलर असो, सर्वांचे कार्य याच तत्त्वावर चालते. मत्स्यपेटीवरचा पंखाही तेच करतो. पाण्याच्या पृष्ठभागालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा पातळ थर साचतो आणि पुढील बाष्पीभवन रोखतो. पंख्याचा झोत हा थर सतत दूर सारतो आणि त्याच्या जागी कोरडी हवा आणतो.

आकड्यांत पाहिले तर या पद्धतीचे सामर्थ्य लक्षात येते. ३० अंशांच्या आसपास १ लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता १०० लिटरच्या पेटीतून घेतली गेली आणि दुसरीकडून उष्णता आली नाही, तर पेटीचे तापमान सुमारे ६ अंशांनी उतरेल. याउलट १ लिटर बर्फाची बाटली पेटीत तरंगत ठेवली आणि ती पूर्ण वितळून तिचे पाणी पेटीइतके कोमट झाले, तरी तापमान जेमतेम १ अंशाने घटते. म्हणजेच १ लिटर पाणी वाफ होऊन उडणे हे बर्फाच्या पाच-साडेपाच बाटल्यांच्या तोडीचे आहे. दिवसभरात १ लिटर पाणी उडाले, तर पेटीतून सरासरी २८ वॅट उष्णता अखंड बाहेर जात असते. ४० वॅटचे पंप आणि दिवे सतत चालू असलेल्या पेटीसाठी दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी उडावे लागते. यासाठी लागणारा पंखा स्वतः मात्र २ ते ४ वॅट एवढीच वीज घेतो.

मर्यादा ठरवणारे तापमान

पंखा पाणी किती थंड करू शकतो, याला निसर्गाने सीमा घातली आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते, त्याला 'ओल्या फुग्याचे तापमान' म्हणतात. हवामान वेधशाळांत हे तापमान नियमितपणे नोंदवले जाते. बाष्पीभवनाने पाणी त्याखाली नेता येत नाही. हवा जितकी कोरडी, तितके हे तापमान खाली असते. हवेत बाष्पाची गर्दी झाली की ते साध्या तापमानाच्या जवळ सरकते.

जबलपूरमध्ये मे महिन्यातील दुपारी हवेचे तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे, असे समजू. या स्थितीत ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २२ अंश भरते. मुंबईत त्याच महिन्यात तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ते सुमारे २७ अंश येते. मुंबईची हवा ९ अंशांनी थंड असूनही पंख्याच्या दृष्टीने ती ५ अंशांनी अधिक 'गरम' ठरते. पेटीत उपकरणांची उष्णता येत राहत असल्याने प्रत्यक्षात पाणी या सीमेच्या काही अंश वरच स्थिरावते. जबलपूरमध्ये २५-२६ अंश गाठणे म्हणून शक्य होते, तर मुंबईत पंख्याच्या भरवशावर २९ अंशांच्या खाली येणे कठीण जाते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील हौशी मंडळींना वातानुकूलन किंवा चिलर नावाचे शीतयंत्र घ्यावे लागते, त्यामागचे कारण हेच आहे.

अतिउष्णतेच्या काळात मनुष्याचे शरीर घामाद्वारे किती थंड राहू शकेल, हेही याच तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे उष्णतेच्या लाटांच्या अभ्यासात या मोजमापाला अलीकडे विशेष महत्त्व आले आहे.

कूलर चालू ठेवावा की बंद?

उन्हाळ्यात जबलपूरच्या घरात कूलर चालतोच. कूलरमुळे खोलीतील आर्द्रता वाढते, तेव्हा पेटीवरच्या पंख्याचा उपयोग कमी होईल, अशी शंका साहजिकपणे येते. ती अर्धीच खरी आहे.

पंख्याने गरम हवा पाण्यावर फिरवली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. बाष्पीभवनाने उष्णता बाहेर जाते, पण हवा पाण्यापेक्षा गरम असल्याने ती पाण्याला उष्णता देतेही. हवा ४२ अंश आणि पाणी २६ अंश असेल, तर बाष्पीभवनाने गेलेल्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी गरम हवा परत आणून देते. शिवाय पेटीच्या काचांमधूनही उष्णता आत शिरते. पाणी मोठ्या प्रमाणावर उडूनही फायदा त्या मानाने थोडा होतो.

कूलरने बाहेरची हीच हवा ओल्या जाळीतून आत घेतली, की ती २७-२८ अंशांवर येते. तिच्यात बाष्प वाढते, परंतु ओल्या फुग्याचे तापमान जवळपास पूर्वीएवढेच, म्हणजे २२ अंशांच्या आसपास राहते. पेटीची अंतिम सीमा त्यामुळे बदलत नाही. बाष्पीभवन मंदावते हे खरे, मात्र हवेकडून आणि काचेतून येणारी उष्णता जवळजवळ थांबते. पाणी कमी उडते आणि तापमानही अधिक स्थिर राहते.

यासाठी एक अट पाळावी लागते. कूलरची हवा बाहेर पडण्यासाठी समोरची खिडकी किंवा दार उघडे असले पाहिजे. दारे-खिडक्या लावून खोलीतीलच हवा कूलरमधून पुन्हा पुन्हा फिरवली, तर बाष्प साचत जाते, ओल्या फुग्याचे तापमान वाढते आणि कूलर तसेच पेटीवरचा पंखा हे दोन्ही एकदमच निकामी होतात.

मीठ उडत नाही

पंख्याची किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागते. वाफ केवळ पाण्याची होते. क्षार मागेच राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या पेटीत ते साडेतीन किलो भरतात. रोज २ लिटर पाणी उडत राहिले आणि दहा दिवस त्यात भर घातली नाही, तर उरलेल्या ८० लिटरमध्ये तेवढेच क्षार राहून प्रमाण लिटरमागे सुमारे ४४ ग्रॅमवर जाते. मासे, कोळंबी आणि समुद्रफुले यांना एवढा बदल सोसत नाही.

नवख्या व्यक्तीकडून होणारी चूक याच्या नेमकी उलट असते. पेटी खाऱ्या पाण्याची आहे, म्हणून पातळी घटली की ती मिठाचे पाणी ओतून भरून काढते. तसे केल्यास त्याच दहा दिवसांत ७०० ग्रॅम क्षार जादा पडतात आणि प्रमाण ४२ ग्रॅम होते. पाण्याची पातळी पूर्ववत दिसत असल्याने ही चूक लक्षातही येत नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची असते. मिठाचे पाणी केवळ पेटीतील पाण्याचा काही भाग काढून बदलताना वापरायचे.

हे गोडे पाणीही नळाचे असून चालत नाही. नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि तेही पेटीत साचत जातात. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी रोज २ लिटर याप्रमाणे चार महिने घातले, तर ७२ ग्रॅम अनाहूत क्षार पेटीत जमा होतात. त्यात शेवाळ वाढवणारे नायट्रेट आणि फॉस्फेट असू शकते. म्हणून आरओ पद्धतीने शुद्ध केलेले पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते. जबलपूरसारख्या ठिकाणी पेटीतील मूळ पाणीही याच शुद्ध पाण्यात तयार सागरी क्षार मिसळून बनवावे लागते. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आदी घटक ठरावीक प्रमाणात असतात.

भरपाई एकदम न करता थोडी थोडी, शक्य तर सकाळ-संध्याकाळ करावी. काचेवर पाण्याच्या नेहमीच्या पातळीची खूण करून ठेवली की किती पाणी उडाले ते समजते. आठवड्यातून किमान एकदा हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासणे आवश्यक असते. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व साधारणपणे १.०२५ च्या आसपास असते.

पंखा बसवताना

पेटीवर काचेचे झाकण ठेवून शेजारी पंखा लावण्याने काहीच साध्य होत नाही. बाष्प बाहेर जाण्यासाठी झाकण काढावे लागते. त्याऐवजी बारीक जाळी बसवावी, कारण अनेक सागरी मासे पाण्याबाहेर उडी मारतात. पंख्याचा झोत पाण्यावर सरळ खाली न सोडता पृष्ठभागावरून तिरपा वाहील, असा ठेवावा. एका कडेने हवा आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर गेली पाहिजे. पंपाच्या साहाय्याने पृष्ठभागावर लहान लहान लाटा उठत राहिल्या, तर बाष्पीभवन आणि प्राणवायूची देवाणघेवाण या दोन्ही गोष्टी सुधारतात.

१२ व्होल्टवर चालणारा पंखा येथे अधिक सुरक्षित असतो. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. २३० व्होल्टचा टेबल पंखा पेटीच्या काठावर ठेवणे माशांइतकेच माणसांनाही जिवावर बेतू शकते. पंखा घट्ट बसवावा. वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. पेटीच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच असावे. उडणाऱ्या तुषारांमुळे पंख्याच्या पात्यांवर आणि वायरीवर मिठाची पापुद्री चढते. ती ओल्या फडक्याने वेळोवेळी पुसली नाही, तर पंखा काही महिन्यांतच जाम होतो.

पंख्याला तापमान नियंत्रक जोडणेही महत्त्वाचे आहे. पाणी २६.५ अंशांवर गेले की पंखा सुरू व्हावा आणि २६ अंशांवर आले की बंद व्हावा, अशी योजना केल्यास दिवस-रात्रीचे चढउतार टळतात. नियंत्रक नसलेला पंखा कोरड्या रात्री पाणी गरजेपेक्षा जास्त थंड करतो. जबलपूरचा हिवाळाही चांगलाच बोचरा असल्याने त्या काळात पेटीला हीटर लागतो. हीटर २४.५ अंशांच्या आसपास आणि पंखा २६.५ अंशांवर, असे अंतर ठेवले नाही, तर दोन्ही उपकरणे एकमेकांविरुद्ध चालत राहतात.

पंख्यामुळे खोलीतील हवा सातत्याने पाण्याच्या संपर्कात येते, हेही विसरून चालणार नाही. डास मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अगरबत्त्या, द्रव यंत्रे आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. ती माशांना आणि विशेषतः कोळंबीवर्गीय जिवांना अत्यंत विषारी असतात. पेटी असलेल्या खोलीत यांऐवजी मच्छरदाणी वापरणे उचित.

वीज गेल्यास काय, हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास उद्भवतो. ३ वॅटचा पंखा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीवर हिशेबाने २८ तास आणि व्यवहारात २० तासांच्या आसपास चालू शकतो. त्याच्या जोडीला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवला, तर लांबलेल्या भारनियमनातही पेटी तग धरते.

खरी कसोटी पावसाळ्यात

जबलपूरमध्ये साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस येतो. हवेचे तापमान ४२ अंशांवरून ३० अंशांवर उतरते. पेटीची काळजी आता मिटली, असा समज होण्याची हीच वेळ असते. परंतु ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २८ अंश असते. मे महिन्यापेक्षा ते ६ अंशांनी जास्त आहे. पंप आणि दिवे चालूच असतात, पंखाही पूर्वीसारखाच फिरत असतो. मात्र पाणी उडत नाही. पेटीतील तापमान हळूहळू २९, ३० अंश आणि त्याहूनही वर सरकते. पाऊस येण्यापूर्वीच्या उकाड्याच्या दिवसांत तर हवा अजून तापलेली असते आणि आर्द्रताही चढलेली असते. पंख्याच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट काळ होय.

याची पूर्वसूचना पेटीच देते. रोज दोन लिटर भर घालावी लागत असताना ती अचानक अर्ध्या लिटरवर आली, तर पंखा थंडावा देईनासा झाला आहे, असे समजावे. अशा वेळी पंख्यांची संख्या वाढवण्याने विशेष फरक पडत नाही. उष्णतेचा भार कमी करणे हा पहिला उपाय आहे. दिवे दुपारऐवजी रात्री आणि कमी वेळ लावावेत. जास्त वीज घेणारा पंप बदलावा. खाद्य कमी करावे आणि पाण्याची हालचाल वाढवावी, म्हणजे प्राणवायूची तूट भासणार नाही. आणीबाणीत बर्फाच्या बंद बाटल्या पेटीत तरंगत ठेवता येतात. मात्र तापमान तासाला १ अंशापेक्षा अधिक वेगाने उतरू देऊ नये. बर्फ थेट पाण्यात टाकल्यास क्षारता घटते, हेही ध्यानात ठेवावे.

एवढ्याने भागले नाही, तर खोलीचे वातानुकूलन किंवा चिलर यांना पर्याय राहत नाही. वातानुकूलन यंत्र हवा थंड करण्याबरोबर तिच्यातील बाष्पही काढून घेत असल्याने त्या खोलीत पंखा पुन्हा परिणामकारक होतो. चिलर पाण्यातील उष्णता काढून बाहेर टाकतो; ती त्याच बंद खोलीत टाकली गेली, तर खोली तापत जाते. म्हणून चिलर हवेशीर जागी ठेवावा लागतो. हा खर्च परवडणार नसेल, तर जबलपूरसारख्या शहरात सागरी पेटी सुरू न करणेच योग्य, असा या गणिताचा सरळ अर्थ आहे. उन्हाळ्यातील यशावरून वर्षभराचा अंदाज बांधता येत नाही.

कायदा आणि समुद्राची स्थिती

या छंदाला कायद्याचीही चौकट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक घडवणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. भारतीय समुद्रातील प्रवाळ, मग तो जिवंत असो वा मृत, तोडून आणणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. शोभेसाठी पेटीत ठेवलेला पांढरा प्रवाळाचा तुकडाही याला अपवाद नाही. पेटीत कृत्रिम खडक वापरणे आणि मासे शक्य तो पैदास केंद्रातील घेणे हा सुरक्षित मार्ग होय. कोची येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन फिशसह अनेक शोभिवंत सागरी माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. अशा माशांमुळे प्रवाळ खडकांवरील माशांच्या पकडीचा ताण हलका होतो.

या संरक्षणामागे तापमानाचाच प्रश्न आहे. प्रवाळांच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल त्यांना अन्न आणि रंग पुरवते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्राचे पाणी केवळ १ अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ही स्थिती लांबली की ते मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अशी विवर्णता मोठ्या प्रमाणावर दिसून आली. २०२४ मध्ये तिची पुनरावृत्ती झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातील चौथ्या व्यापक प्रवाळ विवर्णतेची घोषणा करण्यात आली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवण येथेही प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले.

समुद्रालाही थंड ठेवण्याचे काम काही अंशी वाराच करतो. मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र जून ते ऑगस्टमधील जोरदार मोसमी वाऱ्यांमुळे दोन-तीन अंशांनी निवतो. वारे पृष्ठभागावरील पाण्याची वाफ करून नेतात आणि खालचे थंड पाणी वर घुसळतात. घरातील पेटीवर छोटा पंखा जे करतो, त्यातील निम्मे हेच आहे. फरक एवढाच की, पेटीतील पाण्याला खालच्या थंड थराचा आधार नसतो. पंखा थांबला किंवा हवा दमट झाली, तर अवघ्या काही तासांचा अवधी हाती असतो. त्यासाठी पेटीवर एक विश्वासार्ह तापमापक, खोलीत एक आर्द्रतामापक आणि दोन्हींकडे रोज पाहण्याची सवय या तीन गोष्टी पंख्याइतक्याच आवश्यक आहेत.